बेड पुरेसे, सगळं शहर सर्कलमध्ये, तरी काही लोकांना हॉस्पिटल लांब का पडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरात हॉस्पिटलं बरीच आहेत, दर हजार लोकांमागे बेडचा आकडा ठीकठाक दिसतो, प्रत्येक हॉस्पिटलभोवती ५ किलोमीटरचं सर्कल काढलं की जवळपास सगळं शहर झाकलं जातं. तरीही कडेच्या वस्त्यांमधले लोक म्हणतात आम्हाला हॉस्पिटल लांब पडतं. मग नकाशा चुकतोय की लोक उगाच ओरडतायत, हे नीट मोजायचं कसं, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर कुठलं.

आरोग्यसेवांचे नकाशे करायचे आणि नियोजन करणाऱ्यांना आकडे काढून द्यायचे, हेच माझं बरीच वर्षं काम आहे. त्यावरून सांगतो, अशा वादात लोक बहुतेक वेळा बरोबर निघतात. नकाशा खोटा नसतो, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. सर्कल सांगतं की हॉस्पिटलची इमारत किती लांब आहे. लोक सांगत असतात की रात्री दोन वाजता, माझ्या घरातून, माझ्या आईला घेऊन, जिथे तिला खरंच ॲडमिट करून घेतील अशा ठिकाणी पोचायला किती वेळ लागतो.

आधी सर्कलचंच बघू. ते सरळ रेषेत मोजतं, पेशंट रस्त्याने जातो. रस्त्यांचं जाळं बरं असेल तर रस्त्याचं अंतर सरळ रेषेच्या साधारण सव्वा ते दीडपट येतं आणि तेवढ्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते नदी, रेल्वे लाईन, हायवे किंवा एखाद्या मोठ्या संस्थेच्या लांबलचक कंपाउंड वॉलपाशी. रेल्वे लाईनच्या पलीकडची एक वस्ती माझ्या चांगली लक्षात आहे, तिथल्या गच्चीवरून हॉस्पिटलची पाण्याची टाकी दिसते, सरळ अंतर किलोमीटरपेक्षा कमी. मध्ये पादचारी पूल आहे पण त्याला फक्त जिने, रॅम्प नाही, लिफ्ट नाही. म्हणजे धडधाकट माणूस पंधरा मिनिटांत पोचतो, पण पाय मोडलेला माणूस, कळा सुरू झालेली बाई, ऑक्सिजन लावलेले आजोबा यांच्यासाठी तो पूल नसल्यातच जमा, त्यांना गाडीने वळसा घालून चारेक किलोमीटर जावं लागतं, आणि तो वळसा नेमका शहरातल्या सगळ्यात तुंबणाऱ्या पुलावरून. आता गंमत बघा, रूटिंगचं, म्हणजे रस्ता शोधून प्रवासाचा वेळ काढणारं सॉफ्टवेअर चालण्याचा वेग साधारण ताशी ५ किलोमीटर धरतं आणि जिने बिनदिक्कत चढून जातं. म्हणजे ज्याला हॉस्पिटलची गरज सगळ्यात कमी आहे त्याच माणसाचा प्रवास आपण मोजत बसतो. आजारी किंवा वयस्कर माणसासाठी ताशी ३ धरा आणि जिन्यांचे पूल जाळ्यातून काढून टाका, तुमचा नकाशा तिथल्या तिथे बदलेल.

वाहनाचं गृहीतकही असंच. आरोग्यसेवेपर्यंतच्या प्रवासाच्या वेळेचा एक जागतिक नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात गाडी मिळते असं धरलं तर जगातले ८.९ टक्के लोक एका तासात आरोग्यकेंद्रापर्यंत पोचू शकत नाहीत, आणि चालत जायचं धरलं तर हाच आकडा ४३.३ टक्के होतो. हॉस्पिटलं तीच, लोक तेच, फक्त गाडी काढून घेतली. शहरात एवढी मोठी दरी निघणार नाही पण दिशा तीच असते, त्यामुळे माझा तरी नियम आहे की गाडीचा नकाशा एकटा कुणाला दाखवायचा नाही, त्याच्याशेजारी बस आणि चालण्याचा ठेवायचाच.

दुसरी गोष्ट म्हणजे नकाशावरचा ठिपका. पंधरा बेडचं प्रसूतिगृह, डोळ्यांचं हॉस्पिटल आणि आठशे बेडचं मोठं हॉस्पिटल, तिघांचा ठिपका सारखाच. 'हॉस्पिटल किती लांब आहे' हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे, कशासाठी ते विचारायला पाहिजे. हृदय अचानक बंद पडलं तर सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि विजेच्या शॉकशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, तिथे ३० मिनिटांचं सर्कल काढणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक, तिथे हॉस्पिटलपेक्षा ॲम्ब्युलन्स कुठे उभी आहे आणि शेजाऱ्याला सीपीआर येतो का हे महत्त्वाचं. स्ट्रोकमध्ये मेंदूची रक्तवाहिनी अडवणारी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या साडेचार तासांत लक्षण ओळखणं, घरच्यांनी निर्णय घेणं, प्रवास, सीटी स्कॅन सगळं बसवायचं असतं. हार्ट अटॅकला अँजिओप्लास्टी होणाऱ्या ठिकाणी थेट नेलं तर पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून ९० मिनिटांत ब्लॉक उघडावा असं धरतात, आधी दुसरीकडे नेऊन मग पाठवलं तर १२० मिनिटं. त्यामुळे जवळचं पण कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, नसलेलं हॉस्पिटल कधीकधी मदत न करता वेळच खातं.

आणि डायलिसिस बघा, तिथे तर मिनिटांचा काही संबंधच नाही. आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनवर. जायला दीड तास आणि यायला दीड तास लागत असतील तर आठवड्याला ९ तास फक्त प्रवासात जातात, तेही येताना अंगात त्राण नसताना. अशा माणसाची नोकरी टिकत नाही, सोबत येणाऱ्याची पण टिकत नाही, मग आठवड्यातली एक खेप चुकायला लागते आणि पुढे तो इमर्जन्सी म्हणून दाखल होतो. ॲम्ब्युलन्सच्या नकाशात हा माणूस कुठेच दिसत नाही.

ठिपका कशाचा आहे हे बघितलं नाही तर काय होतं त्याचं शिकागो हे ठळक उदाहरण. शहराच्या दक्षिण भागात शिकागो विद्यापीठाचं मोठं हॉस्पिटल होतं आणि आहे, पण त्यांनी प्रौढांचं ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींवर उपचार करणारा विभाग, १९८८ मध्ये बंद केलं. नंतर ते पुन्हा सुरू झालं ते थेट मे २०१८ मध्ये. मधली तीस वर्षं गोळीबाराच्या सगळ्यात जास्त घटना होणाऱ्या भागांपैकी एका भागातले प्रौढ जखमी, दारात मोठं हॉस्पिटल असूनही, मैलोन् मैल दूर नेले जात होते. २०१० मध्ये त्याच हॉस्पिटलपासून काही चौक अंतरावर गोळी लागलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलाला शहराच्या मध्यभागी न्यावं लागलं आणि तो वाचला नाही, त्यानंतर तिथल्या तरुणांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं की ट्रॉमा सेंटरपासून ५ मैलांपेक्षा, म्हणजे साधारण ८ किलोमीटरपेक्षा लांब गोळी लागलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. आणि 'हॉस्पिटल' नावाच्या ठिपक्यांभोवती सर्कलं काढली असती तर हा सगळा भाग आरामात कव्हर झालेला दिसला असता.

आता सरासरीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात 'बेडचा आकडा ठीकठाक' हे जे आहे ना तिथेच खरी मेख आहे. समजा शहरात ४ लाख लोक आणि दोन हॉस्पिटलं आहेत. 'क' मध्ये २०० बेड आणि त्याच्या ३० मिनिटांच्या आत सगळे ४ लाख लोक येतात. 'ख' मध्ये ३०० बेड आहेत पण ते शहराच्या एका टोकाला, त्याच्या ३० मिनिटांत फक्त त्या बाजूचे १ लाख लोक. सरासरी काढली तर ५०० बेड भागिले ४ लाख, म्हणजे हजारी सव्वा बेड. आता दोन पायऱ्यांत मोजा. पहिली पायरी, प्रत्येक हॉस्पिटलवर किती लोकांचा भार आहे: 'क' चे हजारी अर्धा बेड, 'ख' चे हजारी ३ बेड. दुसरी पायरी, प्रत्येक वस्तीला जी हॉस्पिटलं आवाक्यात आहेत त्यांचे हे आकडे बेरजेत घ्या. 'ख' च्या बाजूच्या १ लाख लोकांना दोन्ही मिळतात, म्हणजे साडेतीन. उरलेल्या ३ लाखांना फक्त अर्धा. सातपट फरक, आणि शहराच्या रिपोर्टमध्ये मात्र सव्वा लिहिलेला. सगळे ४ लाख कुठल्यातरी सर्कलमध्ये आहेतच, सर्कलच्या हिशोबाने कव्हरेज १०० टक्के!

या पद्धतीला टू-स्टेप फ्लोटिंग कॅचमेंट म्हणतात (कॅचमेंट म्हणजे आवाक्यातला भाग), २००० च्या आसपास रॅडके आणि मू यांनी कल्पना मांडली, २००३ मध्ये लुओ आणि वांग यांनी आज वापरतात त्या रूपात आणली, आणि २००९ मध्ये लुओ आणि ची यांनी जवळच्याला जास्त वजन, लांबच्याला कमी अशी सुधारणा केली. नाव जड आहे पण गणित भागाकार-बेरजेचं आहे, स्प्रेडशीटमध्ये होतं.

पण याच उदाहरणात एक सापळा आहे तो बघून ठेवा. ३० मिनिटांची मर्यादा ४५ केली आणि समजा आता दोन्ही हॉस्पिटलं सगळ्यांच्या आवाक्यात आली, तर 'क' चे हजारी ०.५ अधिक 'ख' चे ०.७५, सगळ्यांना सारखे १.२५. विषमता गायब! ना एक बेड वाढला, ना एक बस. त्यामुळे कुणी तुम्हाला गुळगुळीत समान रंगाचा नकाशा दाखवला तर पहिला प्रश्न हा विचारा की मर्यादा किती मिनिटांची धरली आणि का. मर्यादा आजारावरून ठरली पाहिजे, नकाशा छान दिसावा म्हणून नाही. असंच वॉर्डच्या हद्दींचं, मोठ्या वॉर्डाची सरासरी काढली की त्याच्या कोपऱ्यातली वस्ती सरासरीत बुडते, हद्दी जरा इकडेतिकडे केल्या की निष्कर्ष बदलतात, म्हणून जमेल तितक्या लहान तुकड्यांत मोजा आणि मगच वॉर्डनिहाय बेरीज करा.

रात्रीचा नकाशा वेगळा काढाच. दिवसा ट्रॅफिक असतं पण बस असते, ओपीडी चालू असते, स्पेशालिस्ट असतात. रात्री रस्ते मोकळे म्हणून गाडीचा नकाशा उलट सुधारलेला दिसतो, आणि प्रत्यक्षात बस बंद, छोट्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर नाही, ब्लड बँक नाही, मग 'पुढे घेऊन जा'. मातामृत्यूंच्या अभ्यासात थडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन उशिरांची मांडणी केली होती: निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. नकाशेवाले फक्त मधला मोजतात. पण हे तिन्ही एकमेकांत अडकलेले असतात, मागच्या खेपेला दोन ठिकाणांहून परत पाठवलेलं घर पुढच्या खेपेला निघायचा निर्णयच उशिरा घेतं. म्हणून रेफर होऊन दुसरीकडे गेलेल्यांचा वेळ पहिल्या दारापर्यंत नाही, शेवटच्या दारापर्यंत धरा.

पैशाचा मुद्दा यात मिसळू नये असं काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. पेन्चान्स्की आणि थॉमस यांनी १९८१ मध्येच सांगितलं होतं की पोच म्हणजे नुसतं अंतर नाही, सेवा पुरेशी आहे का, वेळा सोयीच्या आहेत का, परवडते का, माणसाला तिथे जावंसं वाटतं का हे सगळं त्यात येतं. व्यवहारात मी एवढंच करतो की एकच नकाशा दोनदा काढतो, एकदा सगळी हॉस्पिटलं धरून आणि एकदा फक्त जिथे बिन-डिपॉझिट दाखल करून घेतात ती धरून. दोन नकाशांमधला फरक कुठल्या भागात पडतो ते बघितलं की बरंच बोलणं वाचतं.

आता एक युक्तिवाद तुम्हाला हमखास ऐकायला मिळणार: 'त्या भागातून पेशंटच फारसे येत नाहीत, मागणीच नाही.' आकड्यांत ते खरं पण असतं. पण १८५० च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एडवर्ड जार्विस नावाच्या डॉक्टरने मनोरुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हाच दिसलं होतं की जवळच्या गावांतून लोकसंख्येच्या मानाने खूप पेशंट येतात आणि अंतर वाढेल तसे कमी होत जातात. लांबच्या लोकांना आजार कमी होत नव्हते, ते येत नव्हते एवढंच. म्हणजे हॉस्पिटलच्या रजिस्टरवरून गरज मोजली की लांब राहणारा माणूस दोनदा मार खातो, आधी अंतरामुळे जात नाही आणि मग जात नाही म्हणून त्याच्याकडे काही बांधलं जात नाही. यावर उपाय म्हणजे केसपेपरवरच्या पत्त्याच्या भागानुसार आकडे मागा (नावं नकोत, फक्त संख्या), आणि त्यात नुसती एकूण संख्या न बघता किती जण इमर्जन्सीतून, आजार वाढल्यावर आले ते बघा. लांबच्या भागातून ओपीडी कमी आणि इमर्जन्सीतून भरती जास्त असा पॅटर्न दिसला तर मागणी आहे, फक्त उशिरा पोचतेय. याच आकड्यांत अजून एक कळतं, लोक जवळचं सोडून लांबच्याला जातात का. जात असतील तर जवळच्यात काय नाही ते शोधा, बहुतेक वेळा सोनोग्राफी, लहान मुलांचा डॉक्टर किंवा औषधं.

हे असं का होतं, तर कुणी मुद्दाम कट करून नाही. मोठी हॉस्पिटलं बांधली गेली तेव्हा शहर जिथे होतं तिथे ती आहेत, शहर पुढे सरकलं, इमारती सरकत नाहीत. वैद्यकीय कॉलेज जुन्या हॉस्पिटलला चिकटलेलं, स्पेशालिस्ट कॉलेजला, लॅब आणि औषधांची दुकानं स्पेशालिस्टना. नवीन खाजगी हॉस्पिटल पैसे देऊ शकणारा पेशंट आणि रुंद रस्ता बघून जागा घेतं, त्यात आश्चर्य काही नाही. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं की चांगली सेवा मिळण्याची शक्यता लोकांच्या गरजेच्या उलट्या दिशेने जाते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हवाली तितकं हे जास्त घडतं. त्याच्यावर वाद बरेच झाले पण शहराचा नकाशा घेऊन बसलं की दर वेळी तेच समोर येतं.

मग नवीन हॉस्पिटल बांधा हे उत्तर का? कधीकधी हो, पण ते शेवटचं उत्तर ठेवा. लंडनने २०१० मध्ये स्ट्रोकचे ताजे पेशंट तीसेक हॉस्पिटलांत विखुरलेले होते ते ८ विशेष युनिट्समध्ये न्यायला सुरुवात केली, ॲम्ब्युलन्सने ३० मिनिटांत पोचता येईल अशा बेताने. म्हणजे अनेकांसाठी अंतर वाढलं! तरी २०१४ च्या अभ्यासात मृत्यू इंग्लंडच्या बाकी भागापेक्षा जास्त घटलेले दिसले. त्याच सुमाराला मँचेस्टरने अर्धवट केंद्रीकरण केलं, ठरावीक वेळेत आलेल्याच पेशंटना युनिटमध्ये, तिथे सुरुवातीला मृत्युदरात तसा फरक दिसला नाही. म्हणून 'जवळ' हा स्वतःच देव नाही, थोडं लांब पण पोचताच स्कॅन आणि इंजेक्शन मिळणारं बरं. फक्त हे स्ट्रोकसारख्या, ॲम्ब्युलन्सने जायच्या गोष्टींना लागू आहे. प्रसूतीपूर्व तपासणी, बीपी-शुगर, लसीकरण, डायलिसिस, ड्रेसिंग, फिजिओथेरपी हे सगळं उलटं, घराजवळ पाहिजे, आणि माझा अनुभव असा की शहरं नेमकं उलट करून ठेवतात: साध्या गोष्टी मोठ्या हॉस्पिटलात गोळा आणि गंभीर गोष्टी सगळीकडे थोड्याथोड्या, धड कुठेच नाहीत.

जागा निवडायची वेळ आलीच तर कुठल्या हिशोबाने निवडताय ते आधी उघड बोला. सगळ्यांचं मिळून सरासरी अंतर कमी करायचं (१९६४ चं हकीमी यांचं पी-मीडियन नावाचं गणित) तर मॉडेल दाट मध्यभागाकडे ओढतं. ठरावीक मिनिटांत जास्तीत जास्त लोक बसवायचे (चर्च आणि रेव्हेल, १९७४) तर विरळ कडा पुन्हा सुटतात. सगळ्यात लांबच्या माणसाचं अंतर कमी करायचं ठरवलं तरच कडेची वस्ती जिंकते. तिन्ही गणितं बरोबरच आहेत, निवड राजकीय आहे, आणि कन्सल्टंट ती सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये गुपचूप करून टाकतो.

सॉफ्टवेअरचं शेवटी ठेवलं कारण ते सगळ्यात सोपं आहे. नकाशे करायचं क्यूजीआयएस फुकट आहे, रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले घ्या, प्रवासाच्या वेळा ओपनरूटसर्व्हिसने काढता येतात. बसचं वेळापत्रक जीटीएफएस (वेळापत्रकांसाठीचा ठरलेला फाइल फॉरमॅट) मध्ये मिळत असेल तर आर या प्रोग्रॅमिंग भाषेतलं आर५आर पॅकेज बस अधिक चालणं मिळून वेळ देतं. लोकसंख्या लहान तुकड्यांत मिळत नसेल तर वर्ल्डपॉपचे १०० मीटरच्या चौकोनांतले लोकसंख्येचे अंदाज चालतात, पण दाट झोपडवस्तीत ते आकडे कमी दाखवू शकतात, तिथे घरांच्या मोजणीशी पडताळा. सगळ्यात जास्त वेळ लागेल तो हॉस्पिटलच्या यादीला, कारण अधिकृत यादीत बंद पडलेली असतात, बेड मंजूर लिहिलेले असतात, चालू नव्हे. प्रत्येकाला फोन करून चारच गोष्टी विचारा: आत्ता चालू बेड किती, रात्री सिझेरियन होतं का, सीटी चालू आहे का, डिपॉझिट न भरता घेतात का. हा फोन शक्यतो रात्री करा, दिवसा रिसेप्शनवाले सगळ्यालाच हो म्हणतात.